टी-बिलाचा व्याजदर एक्सेलमध्ये काढताना: इंटरेट आणि त्याचा पाचवा आकडा

समजा तुम्ही ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल (टी-बिल, म्हणजे केंद्र सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेलं कर्ज) घेतलंत. आज ९,८४० रुपये भरले, ९१ दिवसांनी १०,००० हातात येणार. मधे व्याज म्हणून खात्यात एक रुपयाही जमा होत नाही. मग व्याजदर किती पडला?

बँकेच्या मुदत ठेवीत हा प्रश्न येत नाही, कारण दर पावतीवरच छापलेला असतो. टी-बिलाचं उलटं आहे. ते दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीला विकलं जातं आणि मुदत संपली की पूर्ण दर्शनी मूल्य परत मिळतं. दर त्या दोन रकमांच्या फरकात दडलेला असतो, तो काढावा लागतो. लिलाव झाल्यावर रिझर्व्ह बँक कट-ऑफ किंमत (स्वीकारलेल्या बोलींमधली सर्वात कमी) आणि तिच्यातून निघणारा परतावा जाहीर करते खरी, पण तो त्या लिलावाचा आकडा. तुम्ही बिल नंतर बाजारातून घेतलंत, किंवा मुदतीआधी विकलंत, तर तुमचा दर तुम्हालाच काढायचा.

हे आता सामान्य माणसाच्याही कामाचं झालं आहे. १२ नोव्हेंबर २०२१ ला रिटेल डायरेक्ट योजना सुरू झाली आणि घरबसल्या रिझर्व्ह बँकेकडेच खातं काढून सरकारी रोखे घेता येऊ लागले. टी-बिल किमान १०,००० रुपयांचं आणि पुढे त्याच पटीत मिळतं. मुदती तीनच: ९१, १८२ आणि ३६४ दिवस. हे आकडे विचित्र वाटतात, पण सातने भागून पाहा: १३, २६ आणि ५२ आठवडे, बरोब्बर. लिलाव साधारणपणे दर बुधवारी होतो आणि मुदत पूर्ण आठवड्यांची असते, त्यामुळे आठवड्याच्या ज्या वारी बिल सुरू होतं त्याच वारी ते संपतं.

आधी हाताने

फायदा १६० रुपये. तो ९,८४० रुपये गुंतवून झाला, म्हणून १६० ला ९,८४० ने भागायचं. उत्तर ०.०१६२६, म्हणजे १.६२६ टक्के. हा झाला ९१ दिवसांचा परतावा. वर्षाचा हवा असेल तर ३६५ ला ९१ ने भागून (४.०११) त्याने गुणायचं. आलं ६.५२ टक्के.

संपलं. एक्सेलमधल्या ज्या फंक्शनबद्दल हा लेख आहे ते, म्हणजे इंटरेट, याहून जास्त काहीही करत नाही. अनेक जण इथे १६० ला १०,००० ने भागतात आणि वर्षाचे चार तिमाही धरून चारने गुणतात. ६.४ टक्के येतात आणि 'जवळपास बरोबर' म्हणून सोडून दिले जातात. पण पैसे १०,००० गुंतवलेले नव्हतेच. गुंतवले ९,८४०. भागायचं ते त्यानेच.

आता शीटमध्ये

फंक्शनचं नाव इंटरेट. इंग्रजी अक्षरं सलग सात: आय, एन, टी, आर, ए, टी, ई. खाली सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा. एक्सेलसारखंच ते गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही याच नावाने आहे.

त्याला पाच गोष्टी लागतात. सूत्र टाइप करायला घेतलं की खाली छोटी पट्टी दिसते, तिच्यात त्या याच क्रमाने असतात: सेटलमेंट, मॅच्युरिटी, इन्व्हेस्टमेंट, रिडेम्प्शन आणि चौकटी कंसात बेसिस. म्हणजे पैसे गेले ती तारीख, पैसे परत येणार ती तारीख, किती गेले, किती येणार, आणि दिवस मोजायची पद्धत.

या पाच गोष्टी वेगवेगळ्या सेलमध्ये लिहाव्यात, सूत्रात कोंबू नयेत. बी१ मध्ये २ जानेवारी २०२५, बी२ मध्ये ३ एप्रिल २०२५, बी३ मध्ये ९८४०, बी४ मध्ये १००००, बी५ मध्ये ३. मग बी६ मध्ये:

=इंटरेट(बी१,बी२,बी३,बी४,बी५)

उत्तर येईल ०.०६५२ आणि पुढे बरेच आकडे. टक्क्यांचं बटण दाबलंत की ते पटकन '७%' होईल. घाबरू नका, एक्सेलने फक्त अपूर्णांक लपवला आहे. दशांश वाढवायचं बटण दोनदा दाबा, ६.५२% दिसेल. हे सांगायचं कारण एवढंच की ही '७%'ची शीट तशीच पुढे पाठवली जाते आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, सात टक्के मिळतायत.

रकमा १०,००० च्या हिशोबात लिहिल्या किंवा शंभराच्या (९८.४० आणि १००), उत्तर तेच येतं, कारण शेवटी गुणोत्तरच महत्त्वाचं. फक्त दोन्हींना एकच माप हवं. एकीकडे शंभरामागची किंमत आणि दुसरीकडे दहा हजार अशी सरमिसळ केलीत तर सहाशे-सातशे टक्के नव्हे, चाळीस हजारांच्या घरात टक्के दिसतील. ती चूक निदान लगेच ओळखू येते.

पाचवा आकडा

चौकटी कंसाचा अर्थ असा की बेसिस दिलं नाही तरी चालतं. आणि खरी गडबड इथेच आहे, कारण दिलं नाही तर एक्सेल ते शून्य धरतं. शून्य म्हणजे अमेरिकन ३०/३६० पद्धत: प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं. ही पद्धत हिशोब कागदावर करायच्या काळातली, महिन्याच्या दिवसांची कटकट नको म्हणून आलेली. रोख्यांच्या जगात ती अजूनही जिवंत आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचं व्याजही ३०/३६० नेच मोजतात. पण टी-बिल नाही. भारतात टी-बिलाला प्रत्यक्ष दिवस मोजतात आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरतात. एक्सेलमध्ये या पद्धतीचा क्रमांक ३.

बाकीचे तीन क्रमांक थोडक्यात. १ म्हणजे प्रत्यक्ष दिवस भागिले वर्षाचे प्रत्यक्ष दिवस, म्हणजे लीप वर्षात ३६६. २ म्हणजे प्रत्यक्ष दिवस पण वर्ष ३६० चं, अमेरिकेच्या नाणेबाजारातली रीत. ४ म्हणजे ३०/३६० चीच युरोपीय आवृत्ती, महिनाअखेरीच्या ३१ तारखेबद्दलचे नियम जरा वेगळे.

आता पाहा, पाचवा आकडा विसरला तर काय होतं. आपलं जानेवारीचं बिल: २ जानेवारी ते ३ एप्रिल. ३०/३६० च्या मोजणीने तीन महिने आणि एक दिवस, म्हणजे ९१. योगायोगाने खरे दिवसही ९१ च, कारण मधे फेब्रुवारी २८ दिवसांचा आला आणि त्याने जानेवारी-मार्चच्या ३१ व्या दिवसांची भरपाई केली. दिवस जुळले, पण वर्ष ३६० चं धरलं गेलं. उत्तर ६.४३ टक्के. खऱ्या दरापेक्षा कमी.

तीच किंमत, तेच ९१ दिवस, फक्त तारखा पावसाळ्यातल्या घ्या: १० जुलै २०२५ ते ९ ऑक्टोबर २०२५. (प्रत्यक्षात तोवर रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आणला होता, त्यामुळे ९८.४० ला बिल मिळणं अवघड होतं. हिशोबापुरतं समजू.) जुलै आणि ऑगस्ट दोन्ही ३१ दिवसांचे. ३०/३६० ला ते ३१ वे दिवस दिसतच नाहीत, तो दोन महिने एकोणतीस दिवस मोजतो, म्हणजे ८९. आता उत्तर येतं ६.५८ टक्के. खऱ्या दरापेक्षा जास्त.

म्हणजे एकाच किमतीचं, एकाच मुदतीचं बिल. पाचवा आकडा रिकामा ठेवला की हिवाळ्यात ६.४३ आणि पावसाळ्यात ६.५८. बेसिस ३ दिलं की दोन्ही वेळा ६.५२. चूक नेहमी एकाच दिशेला झाली असती तर एखाद्याने तिची सवय करून घेतली असती, पण ती तारखांप्रमाणे वरखाली होते. दोन बिलांची तुलना करणाऱ्याला 'जुलैचं बिल जास्त देतंय' असं वाटेल आणि तो फरक निव्वळ एक्सेलने तयार केलेला असेल.

गंमत म्हणजे ३६४ दिवसांच्या बिलात हीच चूक जवळजवळ नाहीशी होते. २ जानेवारी २०२५ ते १ जानेवारी २०२६, किंमत ९३.९० धरा. बेसिस ३ ने ६.५१४१ टक्के, शून्याने ६.५१४४. चौथ्या दशांशापर्यंत जावं तेव्हा फरक दिसतो. कारण दिवस ३६४ चे ३५९ झाले आणि वर्ष ३६५ चं ३६० झालं, दोन्हीकडून पाच-पाच दिवस गळाले. म्हणून कुणी आपली शीट एक वर्षाच्या बिलावर तपासून 'बरोबर चालतेय' म्हणत असेल तर त्याने ती ९१ दिवसांच्या बिलावरही तपासावी.

बेसिस १ बद्दल एक शंका येते: लीप वर्षात ३६६ धरणं जास्त काटेकोर नाही का? तर्काने असेल, पण बाजाराची रीत तशी नाही. २०२४ मधलं आपलं ९८.४० चं बिल बेसिस १ ने ६.५४ टक्के दाखवेल आणि रिझर्व्ह बँकेच्या रीतीने ६.५२. तुलना करायची तर सगळे ज्या मापाने मोजतात तेच माप घ्यायला हवं.

तारखा

एक्सेलच्या लेखी तारीख हा साधा आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून एकेक दिवस पुढे. २ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५९, ३ एप्रिल म्हणजे ४५७५०. वजाबाकी केली की ९१. सेलचं फॉरमॅट 'जनरल' करून पाहा, हाच आकडा दिसेल.

अडचण येते ती आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो आणि कित्येक लॅपटॉपांवर अमेरिकन सेटिंग तसंच राहिलेलं असतं, महिना आधी. तिथे ०२/०१/२०२५ टाइप केलंत की एक्सेल ते १ फेब्रुवारी समजतं आणि ०३/०४/२०२५ ला ४ मार्च. दोन्ही तारखा वैध, मुदत सेटलमेंटनंतरची, त्यामुळे एक्सेलला कुरकुरायचं कारणच नाही. फक्त ९१ ऐवजी ३१ दिवस धरले जातात आणि उत्तर येतं १९.१५ टक्के.

पावसाळ्याच्या तारखा मात्र अशा फसवत नाहीत. १०/०७/२०२५ हे ७ ऑक्टोबर होतं आणि ०९/१०/२०२५ हे १० सप्टेंबर. आता मुदत आधी आणि पैसे भरणं नंतर, म्हणून #नम! ही चूक येते. ही चूक दिसली की पहिल्यांदा तारखाच तपासा. बाकी ती येते रक्कम शून्य किंवा उणे असेल तर, किंवा बेसिस ० ते ४ च्या बाहेरचं असेल तर. #व्हॅल्यू! आली तर एक्सेलला तुमची तारीख तारीख वाटलेलीच नाही. सेलमध्ये ती डाव्या बाजूला चिकटलेली दिसेल, अक्षरांसारखी.

यावर कायमचा उपाय म्हणजे तारीख डेट फंक्शनने लिहायची: =डेट(२०२५,१,२). आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. लॅपटॉपचं सेटिंग काहीही असो, अर्थ बदलत नाही. आणि शेजारच्या एका सेलमध्ये =बी२-बी१ टाकून ठेवा. तिथे ९१, १८२ किंवा ३६४ सोडून काही दिसलं, आणि बिल तुम्ही लिलावातच घेतलेलं असलं, तर कुठेतरी घोळ आहे.

पैसे कधी गेले, किती गेले

सेटलमेंटची तारीख म्हणजे लिलावाची नव्हे, बोली लावल्याचीही नव्हे. व्यवहार पुरा होऊन बिल तुमच्या नावावर आलं ती तारीख. तसंच रकमेचं. किरकोळ गुंतवणूकदार लिलावात स्वतः किंमत सांगत नाही, इतरांच्या बोलींमधून ठरलेल्या भारित सरासरी किमतीला त्याला बिल मिळतं. ती किंमत बोली लावताना माहीत नसते. त्यामुळे सुरुवातीला खात्यातून गेलेली रक्कम आणि वाटपानंतरची खरी रक्कम यांत फरक असू शकतो. शीटमध्ये वाटपानंतरचीच घालायची.

या फंक्शनचा मला सर्वात उपयोगी वाटतो तो भाग पुढेच आहे. मॅच्युरिटी आणि रिडेम्प्शन ही नावं ऐकून वाटतं की ते फक्त मुदत संपेपर्यंत धरून ठेवलेल्या बिलालाच चालतं. तसं काही नाही. आपलं २ जानेवारीचं बिल तुम्ही २० फेब्रुवारीला शंभरामागे ९९.३० ला विकलंत असं समजा. मॅच्युरिटीच्या जागी विकल्याची तारीख आणि रिडेम्प्शनच्या जागी विक्रीची किंमत घाला:

=इंटरेट(डेट(२०२५,१,२),डेट(२०२५,२,२०),९८.४०,९९.३०,३)

उत्तर ६.८१ टक्के, ४९ दिवसांसाठी. आणि ज्याने ते तुमच्याकडून घेतलं त्याचं काय? त्याने ९९.३० दिले, ३ एप्रिलला त्याला १०० मिळणार, ४२ दिवस राहिलेत. त्याचा दर ६.१३ टक्के. बिल तेच, पण दोन मालकांना दोन वेगळे दर. मधल्या काळात बाजारातले दर उतरले म्हणून किंमत चढली आणि विकणाऱ्याला जास्त मिळालं. दर उतरले की किंमत चढते, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. या दोन ओळी शेजारी-शेजारी टाकून किंमत ९९.३० ऐवजी ९९.१० करून पाहिली की ते एकदाचं डोक्यात बसतं.

कंपन्यांचे कमर्शियल पेपरही (कंपन्यांनी थोड्या मुदतीसाठी काढलेले कर्जाचे कागद) असेच दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीला विकले जातात आणि त्यांनाही हेच सूत्र लागू होतं, बेसिस ३ सकट. मात्र त्यांची पट पाच लाखांची, आणि मागे सरकार नसतं.

सारख्या नावाची भावंडं

एक्सेलच्या यादीत टीबिलयील्ड नावाचं फंक्शन दिसतं आणि वाटतं, अरे, हेच तर हवं होतं! नको. ते अमेरिकेच्या ट्रेझरी बिलांसाठी आहे, वर्ष ३६० दिवसांचं धरतं आणि ते बदलायची सोयच त्यात नाही. आपल्या बिलाला ते ६.४३ टक्के सांगेल. टीबिलईक्यू वर्ष ३६५ चं धरतं, पण त्याला किंमत चालत नाही, ३६० च्या रीतीने काढलेला डिस्काउंट रेट द्यावा लागतो. तो बरोबर दिलात तर उत्तर ६.५२ च येतं. एवढा वळसा कशाला घालायचा?

डिस्क (डी, आय, एस, सी) हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याची आणि इंटरेटची गल्लत फार होते. दोघांना तारखा, रकमा आणि बेसिस याच क्रमाने लागतात. फरक भागाकाराचा. इंटरेट फायद्याला गुंतवलेल्या रकमेने भागतं, डिस्क शेवटी मिळणाऱ्या रकमेने. म्हणजे १६० भागिले १०,०००, गुणिले ३६५/९१, उत्तर ६.४२ टक्के. हा झाला सुटीचा दर. दर्शनी मूल्यावर किती टक्के सूट मिळाली, त्याचं वार्षिक रूप. तुमच्या पैशावर तुम्हाला काय मिळालं हे तो सांगत नाही, आणि तो नेहमीच खऱ्या दरापेक्षा कमी दिसतो.

उलट्या दिशेला जाणारं रिसीव्ह्ड नावाचं फंक्शन आहे: इतके गुंतवले, अमुक दर, तर शेवटी किती मिळतील? त्यात आपले ६.५२ टक्के घातले तर उत्तर १०० यायला हवं असं वाटतं, पण येतं १००.०३. कारण त्याला सुटीचा दर हवा असतो, डिस्कवाला. ६.४२ चा पूर्ण आकडा सेलमधून जोडून द्या, बरोबर १०० येतील. शंभरामागे तीन पैशांहून जरा कमी म्हणजे किरकोळ वाटेल, पण पाच कोटींचे कमर्शियल पेपर हाताळणाऱ्या हिशोबनिसाला तो तेरा हजारांचा फरक असतो. ताळा न जुळल्याने त्याची संध्याकाळ जाते.

सरळ व्याज, चक्रवाढ नव्हे

इंटरेटचं उत्तर सरळ व्याजाचं असतं. ९१ दिवसांत १.६२६ टक्के मिळाले, वर्षात असे ४.०११ तुकडे, गुणाकार, झालं. व्याजावर व्याज त्यात नाही.

बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना करताना हे लक्षात ठेवावं लागतं. पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीवर ६.६० टक्के लिहिलेलं असलं आणि चक्रवाढ तिमाही असली तर वर्षाअखेर प्रत्यक्षात ६.७७ टक्के वाढ होते. टी-बिलाचे ६.५२ त्याच्या शेजारी ठेवायचे तर तेही चक्रवाढीत नेऊन ठेवा: (१०,०००/९,८४०) चा घात ३६५/९१, वजा १. उत्तर ६.६८ टक्के. अर्थात यात दर तीन महिन्यांनी तेवढ्याच दराचं नवीन बिल मिळत राहील असं गृहीत आहे, आणि त्याची हमी कुणी देत नाही. ठेवीचा दर वर्षभर ठरलेला असतो. कर कापला जाणं वगैरे आणखी वेगळं.

दिवस कमी असतात तोवर हा फरक दशांशांत राहतो. मुदत लांबली की तो भलताच वाढतो, आणि मग इंटरेट चक्क दिशाभूल करतं. किसान विकास पत्र घ्या. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ७.५ टक्के ठरला आणि पैसे दुप्पट व्हायची मुदत ११५ महिने. २ जानेवारी २०२५ ला १०,००० घातले तर २ ऑगस्ट २०३४ ला २०,०००. मधे काही मिळत नाही, सुरुवातीला एक रक्कम, शेवटी एक रक्कम. म्हणजे इंटरेटच्या सगळ्या अटी पुऱ्या. सूत्र लावा, एक्सेल निमूटपणे १०.४३ टक्के सांगतं.

गणित चुकलेलं नाही. दहा हजारांवर दहा हजार, भागिले साडेनऊ वर्षांहून थोडं जास्त, सरळ व्याजाने १०.४३ च. पण पोस्टाने ७.५ टक्के चक्रवाढ दिली आहे. 'दहा टक्क्यांच्या वर सरासरी परतावा' असं सांगून विकल्या जाणाऱ्या योजनांमध्ये हाच हिशोब असू शकतो. एकरकमी पैसे घेऊन दहा-पंधरा वर्षांनी देणारी कुठलीही योजना घ्या आणि एजंटाला विचारा की हा दर सरळ व्याजाचा की चक्रवाढीचा. एक वर्षापुढच्या मुदतीला इंटरेट वापरूच नये, हा माझा साधा नियम आहे. एक्सेल अडवणार नाही, तुम्हीच थांबायचं.

मधे व्याज देणाऱ्या रोख्यांनाही ते चालत नाही. राज्य सरकारं टी-बिलं काढत नाहीत; महाराष्ट्र शासनाचे विकास कर्जरोखे दर सहा महिन्यांनी व्याज देतात, त्यांच्यासाठी यील्ड हे वेगळं फंक्शन आहे. दरमहा पैसे घातले असतील, मधेच काही काढले असतील, तर एक्सआयआरआर.

एक्सआयआरआर खरं तर वरच्या सगळ्याच उदाहरणांना लागू पडतं. एका कॉलममध्ये तारखा, दुसऱ्यात रकमा, गेलेली रक्कम उणे. टी-बिलासाठी ते ६.६८ टक्के सांगेल आणि किसान विकास पत्रासाठी साडेसात. दोन्ही चक्रवाढीचे. मी शीटमध्ये दोन्ही ओळी ठेवतो: वर इंटरेट, बेसिस ३ घालून, रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या दराशी ताडून पाहायला, खाली एक्सआयआरआर, ठेवीशी आणि पोस्टाच्या योजनांशी तुलना करायला. ९१ दिवसांच्या बिलात या दोन ओळींत पंधरा-सोळा शतांश टक्क्यांचं अंतर पडतं, ३६४ दिवसांच्या बिलात ते जवळपास शून्य होतं.